आधी बोहनी, मग बोलणं

वृंदे, त्या दिवशी माझी बोहनी तुझ्या नवऱ्यानं केली.

तुला पटायचं नाय. मॉल रिकामा व्हायला लागला तसा आपल्या दोघींचा नेमच पडला व्हता. सकाळी मी शटर उचलायची, देवापुढं अगरबत्ती लावायची, आणि शेजारच्या गाळ्यातून तू यायचीस. "कमल, एक हुकांचं पाकीट दे गं." मग मी तुझ्याकडं जायची, एखादा फुगा, एखादी वाढदिवसाची मेणबत्ती घ्यायची. झाली दोघींची दिवसाची पहिली विक्री. मग दिवसभर माशा मारल्या तरी चालतंय, पण बोहनी झालेली पाहिजे. आणि ती होईस्तोवर घरची कटकट, दुखणंखुपणं, भांडण, वाईट बातमी, काही म्हणजे काही तोंडातून काढायचं नाय. आधी बोहनी, मग बोलणं. नेम माझा, माझ्या सासऱ्यांनी लावलेला, पण तू माझ्याहून कडक पाळायचीस.

त्या सकाळी अगरबत्ती लावून तुझी वाट बघत बसले व्हते. आदल्या संध्याकाळी आपलं कडाक्याचं भांडण झालेलं. म्हणलं आज बाईसाहेब उशिरा येणार, तोंड फुगवून येणार. तर तुझ्याऐवजी भाऊजी दारात. पायात घरातल्या सपाता, शर्टाची बटणं खालीवर लावलेली. म्हणाले, "कमलताई, वृंदा..."

मी म्हणलं, "थांबा भाऊजी! बोहनी व्हायचीय अजून. आधी काय देऊ ते बोला, मग तिची काय तक्रार असंल ती सांगा."

मला वाटलं, भांडणाचा निरोप घेऊन तू त्यांनाच पुढं धाडलंस.  ते शाळेतल्या पोरासारखं सरळ उभं राहून म्हणाले, "हिरवा खण द्या एक."

आता मॅचिंग सेंटरवाल्या बाईला कुणी नुसतं 'हिरवा' म्हणावं का? माझे हात सुटले. पोपटी, मेंदी, शेवाळी, बाटली, सगळे हिरवे काउंटरवर पसरले. विचारलं, "साडी कोणती हाय त्यावर?" म्हणाले, "मला नाही माहीत." मी म्हणलं, "अहो, असं कसं? फोन लावा वृंदेला, विचारा. नायतर नको, तिला हिरव्यातलं काय कळतंय!" आणि मी हसले. वृंदे, मी हसले गं.

"कुठलाही द्या," ते म्हणाले. मी बाटली हिरव्याच्या ताग्यातून खण कापला, घडी घातली, पिशवीत टाकला. त्यांनी दिलेली नोट डोळ्यांना लावली, बिरोबाच्या फोटोपुढं ठेवली आणि म्हणलं, "हां, आता बोला."

"वृंदा सकाळी उठलीच नाही."

"मग उठवा की!" मी म्हणलं.

अजून मी तिथंच उभी हाय. तेरावा झाला, गोडाचं जेवण झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि माझ्या तोंडात अजून तेच वाक्य. मग उठवा की. काय ही बाई, काय हे बोलणं! भाऊजी बिचारे खण आणायला म्हणून आले, कारण घरातल्या बायका म्हणाल्या, सवाष्ण गेलीय, हिरवा खण पाहिजे. आणि खण म्हणल्यावर त्यांना एकच दुकान माहीत. तुझंच शिक्षण. मी बोहनी म्हणल्यावर तो माणूस गप्प बसला, कारण त्यालाही तू तेच शिकवून ठेवलेलं.

पुढं सांगू का? सांगते, तुझ्यापासून काय लपवायचं. मी तशीच त्यांच्या स्कूटरवर मागं बसून तुझ्या घरी आले. तुला मेंदी रंगाची साडी नेसवली व्हती आणि वर माझा बाटली हिरवा खण. जुळत नव्हता, वृंदे. ह्या दुकानातून मी आजवर एका बाईला न जुळलेला खण घेऊन जाऊ दिला नाय. बायका वैतागायच्या, "असू दे हो, चालतंय," म्हणायच्या, तरी मी उन्हात नेऊन रंग लावून बघायची. आणि तुझ्या अंगावर तो तसा. मी खाली बसून त्याचं टोक हातात धरलं. मला पळत जाऊन मेंदी आणायचा व्हता. तुझी नणंद म्हणाली, "सोडा आता, उशीर होतोय." मी सोडलं.

आणि तुला त्या दोन हिरव्यांतला फरक कळलाही नसता, ते वेगळंच. माझं पोटाचं ऑपरेशन झालं तवा तू माझं दुकान सांभाळलंस आठवतं? स्वतःचा गाळा अर्धा उघडा ठेवून इकडं बसायचीस. मला दवाखान्यात रोज फोन, "कमल, आज लई विक्री!" माझी भाषा बोलून मला हसवायला बघायचीस, टाके दुखायचे माझे. परत येऊन बघते तर शेवाळी मागितलेल्या बाईला मेंदी दिलेला, मेंदी मागितलेलीला पोपटी. त्या बाया अजून मला शिव्या घालतात. पण एक दिवस दुकान बंद पडू दिलं नाहीस. त्यासाठी मी तुझे आभार मानले का गं कधी? नाय मानले. रंग चुकवल्याबद्दल बोलले तेवढं.

परवा तुझी लेक मला म्हणाली, "मावशी, आई त्या मॉलमध्ये इतकी वर्षं काय करत होती? तिथे तर कुणी येत नाही." मला राग आला. म्हणलं पोरी, तू सरकत्या जिन्यावरून घसरगुंडी खेळून मोठी झालीस इथं.

खरंच, काय गर्दी असायची! बायपासवर पहिलाच एवढा मोठा मॉल. गंगापूरहून जीप भरभरून माणसं यायची, नुसती सरकत्या जिन्यावर चढायला. एकदा वर, एकदा खाली, खरेदी काही नाय. वर सिनेमा, खाली मोठं किराणा दुकान, त्यातला गारवा पार दारापर्यंत यायचा. समोर बुटांचं दुकान, त्याच्या बाजूला गाण्यांच्या सीड्यांचं. तुझं भेटकार्डांचं आणि खेळण्यांचं. आणि ह्या सगळ्या झगमगाटात माझं मॅचिंग सेंटर, साडीला फॉल, पिको.

टाय लावलेला तो मॅनेजर आठवतो? पहिल्याच दिवशी येऊन म्हणाला, बाहेर फॉल लटकवू नका, मॉलला शोभत नाही. मी मुकाट फॉल काढायला लागले. तू तुझ्या काचेच्या दारातून बाहेर आलीस, मी तवा तुला ओळखतही नव्हते, आणि त्याला म्हणालीस, "तुमच्या मॉलमध्ये साडी नेसलेल्या बायका येणार ना? की त्यांनाही शोभत नाही म्हणून परत पाठवणार?" तो गेला तो पुन्हा फिरकला नाय.

त्याच दिवशी दुपार झाली तरी दोघींची बोहनी नव्हती. माझा जीव कासावीस. सासऱ्यांनी मेंढरं विकून हा गाळा घेतलेला. आख्ख्या भावकीनं त्यांना येड्यात काढलं, पण ते म्हणाले, आम्ही जन्मभर कळपामागं फिरलो, आता सुनेनं एका जागी बसावं. त्यांचा शब्द खरा करायचा म्हणून मी आले आणि एक गिऱ्हाईक नाय. तू आलीस, हुकांचं पाकीट घेतलंस. मग मी तुझ्याकडं आले आणि जे हाताला लागलं ते कार्ड घेतलं. घरी माझ्या लेकीनं वाचलं तर वर इंग्रजीत लिहिलेलं, बाळ झाल्याबद्दल अभिनंदन! सासूबाई दोन दिवस माझ्या पोटाकडं टकामका बघत व्हत्या. तुला सांगितलं तर तू काउंटरखाली बसून हसलीस.

मग मी तुला मॅडम म्हणायची ते ताई म्हणायला लागले. आणि एका भांडणात तोंडातून 'वृंदे' निघालं, ते तसंच राहिलं.

भांडायचो पण किती! मी म्हणायची, ह्या मॉलच्या जागेवर पहिलं आमचं पाऊल. इथं ज्वारीचं रान व्हतं, शेतकरी खतासाठी आमची मेंढरं रानात बसवून घ्यायचा. तू म्हणायचीस, "तरीच! एवढं खत घातलंत म्हणून मॉल उगवला." आणि ती तुझ्या दुकानातली सेलवर चालणारी खेळण्यातली मेंढी! पांढरी, फुसक्या लोकरीची, चार पावलं चालायची आणि ओरडायची. मी म्हणलं, असली मेंढी जगात नाय, हे शेळीचं ओरडणं हाय. तू म्हणालीस, मग तू ओरडून दाखव. मी दाखवलं. अशी ओरडले की वरच्या मजल्यावरून वॉचमन पळत आला. त्या दिवसापासून ती मेंढी मी कितीदा मागितली, तू दिली नाहीस. "तू तिला नावं ठेवतेस. तुला विकणार नाही."

मग एकेक दुकान उठत गेलं. सीड्यांच्या जागी मोबाईलचं आलं, त्याच्या जागी नुसती मोबाईलच्या कव्हरांची टपरी. बुटांच्या जागी डॉक्टर करणारे क्लास आले, तवा तू कार्डं काढून पेनं ठेवलीस. पोरं पेनं घ्यायची, तू त्यांना "जेवलास का रे?" विचारायचीस. मग क्लासही क्रांती चौकाकडं गेले. कोरोनात वर सिनेमाच्या दारात लस टोचायचे, रांग बंद पडलेल्या जिन्यावरून खाली आपल्या दुकानापर्यंत. मॉल नवा व्हता त्या दिवसांनंतर एवढी गर्दी तवाच बघितली, आणि कुणाला काही घ्यायचं नव्हतं. किराणावाले गेले, जाताना गारवा घेऊन गेले. दाताचा दवाखाना आला, गेला. गणपतीच्या दिवसांत मूर्त्या, थंडीत रजयांचं प्रदर्शन, मग तेही नाय. सरकता जिना तर कवाच थांबला, तरी माणसं पहिल्या पायरीवर अजून अडखळत्यात, पाय जपून टाकत्यात. तूसुद्धा. आणि रिक्षावाले विचारायचे, "वो बंद वाला मॉल क्या?" तू प्रत्येकाशी भांडायचीस, "चालू है भैया! दो दुकानें चालू हैं!"

दोनच. तुझं आणि माझं.

आता ते ऑनलाइन मालाचे गोडाऊनवाले आले. अख्खा खालचा मजला त्यांनी घेतला, राहिले आपले दोन गाळे. दोन्ही मिळून पाहिजेत त्यांना, एकटा नको. म्हणजे एकीनं नाय म्हणलं की दुसरीचंही अडलं. एवढ्यावरून आपलं ते शेवटचं भांडण.

तू म्हणालीस, "कमल, इथे आता आहे काय? तू मुकुंदवाडीत स्टेशनजवळ दुकान टाक. तिथे वस्ती आहे, लग्नं आहेत, ब्लाउज शिवणाऱ्या बायका आहेत. मी पुण्याला लेकीकडे जाते. माझे गुडघे आता मला इथवर आणत नाहीत."

मी म्हणलं, "जा की. तुला कुणी धरलंय? पण माझा गाळा म्हणजे आमची मेंढरं हायत. ज्यांनी आपलं गिऱ्हाईक पळवलं त्यांच्याच घशात घालू व्हय?"

"अगं, पण तू अडून बसलीस तर मी जाऊ कशी?"

"नको जाऊ."

"का पण? एक धड कारण सांग!"

एक मागितलंस तर मी पोतंभर दिली. सासऱ्यांचा शब्द, मेंढरं, पिकोचं मशीन हलवायचं कसं, दिवाळी होऊ दे, भाव वाढू दे. तू एकेक खोडून काढलंस. माझा आवाज चढला, तुझा चढला, रिकाम्या मॉलमध्ये दोघींचे आवाज घुमत राहिले. शेवटी तू पर्स उचललीस. "उद्या बोहनी झाली की बोलू. आणि उद्या मी तुझं काही ऐकून घेणार नाही, सांगून ठेवते." शटर ओढलंस आणि गुडघ्यावर हात ठेवत गेलीस. मी हाकसुद्धा मारली नाय, इतका राग.

पोतंभर कारणांत खरं कारण एकही नव्हतं. मला म्हणायचं व्हतं, तू पुण्याला गेलीस तर सकाळी माझी बोहनी कोण करील? हुकांचं पाकीट कोण मागंल? तुझ्या घरात किती हुकांची पाकिटं साठली असतील गं! तू काही ब्लाउज शिवत नव्हतीस. मेंढरं-बिंढरं सगळं तोंडदेखलं. मला एवढंच म्हणायचं व्हतं की वृंदे, जाऊ नको. पण असं कुणी म्हणतं व्हय? आपल्या नवऱ्याला नाय म्हणलं कधी, तुला कशी म्हणू? तू मला येडी म्हणाली असतीस आणि थांबलीही असतीस. मला दोन्हीची भीती.

आज तेराव्यानंतर पहिल्यांदा शटर उचललं. अगरबत्ती लावली आणि कान शेजारी. किती मूर्ख माणूस असतो बघ. तुझ्या शटरचा आवाज येईल म्हणून मी खरंच थांबले. आला नाय. भाऊजी आले, हातात तुझ्या गाळ्याच्या किल्ल्या. शर्टाची बटणं ह्या खेपेला नीट लावलेली. दारातच थांबले, म्हणाले, "बोलायचं होतं जरा. पण तुमची बोहनी होऊ द्या आधी."

म्हणलं, "नाय भाऊजी. आधी तुम्ही बोला." जन्मात पहिल्यांदा मी असं म्हणलं. सासरे असते तर खेटर काढलं असतं.

ते स्टुलावर बसले. तुझ्याच स्टुलावर. म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी म्हणालात ना, मग उठवा की. मी उठवायलाच गेलो होतो. एरवी तिला मी कधी उठवत नाही, तीच मला उठवते. पण आदल्या संध्याकाळी घरी आल्यावर म्हणाली, उद्या मला लवकर उठवा, कमलशी भांडायचंय. म्हणून गेलो. हाक मारली. वाटलं, मुद्दाम झोपेचं सोंग करतेय."

"काय म्हणणार व्हती ती मला?" मी विचारलं.

"ते नाही सांगितलं. जेवताना मात्र मधेच म्हणाली, तिला कळत कसं नाही, तिचं कारण मला माहितीय म्हणून."

वृंदे! तुला माहीत व्हतं? मग तसं म्हणायचं ना माझ्या तोंडावर! सगळी कारणं खोडत बसलीस आणि हे तेवढं ठेवून घेतलंस? मी काउंटरवर डोकं टेकलं आणि रडले, आवाज करून रडले. तुझ्या घरी रडले नव्हते. तिथं सगळ्या बायका रडत व्हत्या आणि मी नुसती त्या खणाकडं बघत व्हते.  भाऊजींनी मला उगी उगी केलं नाय, लई बरं वाटलं.

मग म्हणाले, "गाळ्याचं तुम्ही म्हणाल तसं. मला लेक बोलावतेय, पण घाई नाही. तुम्ही राहणार असाल तर माझाही गाळा राहू द्या."

मी बिरोबाच्या फोटोपुढून ती नोट उचलली. त्या दिवसापासून तिथंच व्हती, गल्ल्यात टाकायला हात झाला नव्हता. म्हणलं, "चला, शटर उचला तिचं. तिची बोहनी राहिलीय. माझी तुम्ही केली, तिची मी केली नाय."

तुझ्या गाळ्यात फुग्यांच्या रबराचा वास. फळीवर मागं ती मेंढी. भाऊजींनी खाली काढली, फुंकर मारून धूळ उडवली, तुझ्या खुर्चीशेजारच्या त्या छोट्या ड्रॉवरमधले सेल घातले. मी म्हणलं, "ही मेंढी द्या." ते जरा घुटमळले. म्हणाले, "ही ती विकत नव्हती तुम्हाला."

"व्हय. मी नावं ठेवायची म्हणून. आता नाय ठेवत."

त्यांनी नोट घेतली आणि डोळ्यांना लावली, अगदी तू लावायचीस तशी. मी मेंढी फरशीवर ठेवली. चार पावलं चालली आणि ओरडली. सगळ्या रिकाम्या मॉलमध्ये घुमली. ह्या खेपेला वॉचमन काही पळत आला नाय, वॉचमन कवाच कमी केलेत. ओरडते मात्र शेळीसारखीच, वृंदे. मी शंभर वेळा सांगितलं तुला. बघ, ठेवलंच नाव.

भाऊजींना म्हणलं, "गोडाऊनवाल्यांना होकार कळवा. दोन्ही गाळे द्या." ते म्हणाले, "नक्की? तुमची मेंढरं?" मी म्हणलं, "एक घेतली की परत."

मुकुंदवाडीत बघते आता जागा. तिथं गिऱ्हाईक असंल, बोहनी करायला कुणाला शेजारून यावं लागणार नाय. तू म्हणालीस तसंच सगळं. जिंकलीस, घे. पण भांडायला लवकर उठणार व्हतीस ना गं? मग उठायचं व्हतंस.